काट्यातले विष

दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे गाव अडाण नदीच्या काठी वसले आहे. तेथून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र गाठण्यासाठी मोठी मजल मारावी लागते, आणि म्हणून विषारी माशांचा विषय निघाला की ती बाब कोकणातल्या दर्यावर्दी लोकांची, आपली नव्हे, अशी येथील माणसाची समजूत असल्यास तिच्यात नवल नाही. काळ्या जमिनीच्या या कापसाच्या मुलुखात विष म्हटले की आठवतात ते नाग, मण्यार आणि घोणस. नाही तर कडब्याच्या गंजीत किंवा कवेलूंच्या फटीत दडलेला विंचू. या प्राण्यांची भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिच्यामागे अनुभव आहे, आणि त्या अनुभवातूनच अंधारात काठी आपटीत चालण्याचा शिरस्ता पडला आहे. परंतु ज्या डोहात भोई मंडळी जाळे ओढतात आणि शाळेला सुटी लागली की मुले गळ टाकून बसतात, तशाच डोहांतून एक असा मासा राहतो की ज्याचे शस्त्र आणि हिंदी महासागरातील प्रवाळखडकांत दबा धरून बसणाऱ्या, जगातील सर्वांत विषारी गणल्या गेलेल्या माशाचे शस्त्र ही दोन्ही एकाच तत्त्वावर घडलेली आहेत. त्या माशाचे नाव शिंगी. उथळ, खडकाळ समुद्रातल्या विषधर माशांची ओळख करून घ्यावयाची तर वऱ्हाडातील वाचकाने तिचा आरंभ या शिंगीपासून करावा, असे माझे मत आहे.

शिंगी हा वीतभर लांबीचा, क्वचित फूटभर वाढणारा, अंगावर खवले नसलेला, काळसर तपकिरी रंगाचा मासा असून त्याच्या तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात. ब्लॉख या जर्मन मत्स्यविशारदाने १७९४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. चैत्र-वैशाखात नदीची धार तुटते, डोहांचा चिखल होऊ लागतो, पाण्यातला प्राणवायू इतका उणावतो की इतर मासे पोट वर करून तरंगू लागतात; अशा वेळीही शिंगी जिवंत राहते, कारण तिच्या कल्ल्यांच्या पोकळीतून निघून पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांनी शेपटीकडे गेलेल्या दोन लांब वायुपिशव्या तिला निसर्गाने दिल्या आहेत, आणि पृष्ठभागावर येऊन घेतलेली हवा त्यांत भरून ती काही काळ श्वास घेऊ शकते. पाण्याबाहेरही ती पुष्कळ वेळ तग धरते, आणि नेमक्या याच गुणामुळे ती माणसाच्या हाताला अधिक वेळा डसते: टोपलीत निपचित पडलेला मासा मेला असे समजून कोणी तो उचलावयास जावे, आणि तो जिवंत निघावा.

तिच्या पाठीवरचा पर अगदी आखूड असतो व त्यात काटा नसतो. काटे दोनच, छातीच्या दोन परांच्या आरंभी, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. मासा भ्याला की हे काटे अंगापासून काटकोनात ताठ उभे राहतात, आणि त्यांच्या मुळाशी असलेला सांधा खांद्याच्या हाडाच्या खोबणीत असा काही अडकून बसतो की बोटाने दाबून ते मिटता येत नाहीत. मासा स्वतः स्नायू सैल करील तेव्हाच ते मिटतात. काटा भिंगाखाली धरला तर त्याच्या कडेला बारीक दाते दिसतात आणि सबंध काट्यावर त्वचेचे एक पातळ वेष्टन चढविलेले आढळते. विष असते ते या वेष्टनाच्या आतल्या ग्रंथिपेशींत. सापाच्या दातासारखी पोकळ नळी येथे नाही. विष दाबून बाहेर ढकलणारा स्नायूही नाही. काटा आपल्या मांसात शिरतो, आपल्याच मांसाच्या दाबाने ते वेष्टन फाटते, पेशी चुरडल्या जातात आणि त्यांतला द्रव जखमेत मिसळतो. म्हणजे विष टोचण्याचे काम मासा करीत नाही, ते ज्याला टोचले त्याच्याच हातून होते, असे म्हटले तरी चालेल. वेदना तत्काळ सुरू होते, बोटातून मनगटाकडे आणि मनगटातून काखेपर्यंत चढत जाते, हात सुजतो, आणि कित्येक तास माणसाला चैन पडत नाही. ज्यांचा रोजचा या माशाशी संबंध आहे ते त्याला डोक्यामागून, काट्यांच्या मागे बोटे ठेवून धरतात, किंवा जाळ्यातून काढतानाच काटे मोडून टाकतात. हीच शिंगी बंगालमध्ये आजारातून उठलेल्या माणसाला शक्ती यावी म्हणून रश्शातून देतात, ही गोष्टही येथे सांगितली पाहिजे. कारण विषधर मासा म्हणजे अखाद्य मासा नव्हे, हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

मिशा असलेल्या माशांच्या या विशाल कुळाचा अभ्यास करून जेरेमी राइट या अमेरिकी संशोधकाने २००९ साली असा निष्कर्ष मांडला की, त्यातील किमान साडेबाराशे जाती विषधर असाव्यात. या कुळाची समुद्रातली शाखा कोकणात शिंगाळा या नावाने प्रसिद्ध आहे. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि छातीशी दोन असे तीन दातेरी काटे असतात, आणि मचव्यावर जाळे रिकामे करताना खलाशांच्या हातापायांना सर्वांत अधिक जखमा होत असतील तर त्या या काट्यांच्या. या माशाचा नर मादीने घातलेली मोठमोठी अंडी पिले बाहेर पडेपर्यंत आपल्या तोंडात सांभाळतो व तेवढे दिवस उपाशी राहतो. ज्याच्या काट्याची एवढी धास्ती बाळगावी तो अपत्याच्या बाबतीत इतका कनवाळू असावा, हे मला फार हृद्य वाटते. याच कुळातली प्लोटोसस ही पट्टेरी जात मात्र खऱ्या अर्थाने उथळ खडकांची रहिवासी होय. तिच्या तपकिरी अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढुरके पट्टे गेलेले असतात, आणि तिची पिले शेकड्यांनी एकत्र येऊन एकच गोळा करून खडकांतून फिरतात. तो गोळा पाहून कुतूहलाने ओंजळ पुढे करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण या जातीचे विष शिंगीहूनही तीव्र असते.

येथवर आलो म्हणजे खडकाळ किनारा कसा असतो ते पाहिले पाहिजे. अडाणेच्या पात्रात जो काळा पाषाण उघडा पडलेला दिसतो तोच पाषाण मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या भागांत समुद्राच्या लाटा खात उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हाच्या थरांनी यवतमाळच्या माळापासून अरबी समुद्रापर्यंतचा मुलूख एकाच दगडाने बांधून काढला आहे. समुद्राने त्या दगडाचे सपाट ओटे कोरले, ओट्यांत खळगे पाडले, खळग्यांत शेवाळ, स्पंज, शिंपा आणि कालवे यांची वस्ती झाली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती ओसरली की हे खडप दूरवर उघडे पडते आणि बायका कोयती घेऊन कालवे फोडावयास तेथे उतरतात. खळग्यांतून पाणी राहिलेले असते, आणि पाण्यासंगे जीवही राहिलेले असतात: खेकडे, कोळंबी, समुद्रकाकड्या, लहान मासे. दक्षिणेकडे मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ समुद्रात या जीवसृष्टीचे वैभव एवढे आहे की १९८७ साली तेथील २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यात आले.

अशा ठिकाणी राहणाऱ्या माशाला पळण्यास वाव थोडा आणि लपण्यास जागा पुष्कळ. स्कॉर्पिअनफिश या विस्तृत कुळाने याच परिस्थितीचा लाभ घेतला आहे. या कुळातील मासे खडकाच्या रंगाचे, खडकाच्याच खडबडीत पोताचे, अंगावर त्वचेच्या झिरमिळ्या असलेले असे असतात, आणि तासन्‌तास एका जागी न हलता पडून राहतात. त्यांच्यातील पराकोटी म्हणजे स्टोनफिश. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत त्याचा संचार असून आपल्या देशात अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि मन्नारचे आखात येथे तो आढळतो. चामखिळींनी भरलेली त्वचा, तिच्यावर वाढलेले शेवाळ, वरच्या दिशेला उघडणारे रुंद तोंड, इवलेसे डोळे. हा मासा आहे हे सांगितल्यावरही तो दिसण्यास क्षण दोन क्षण लागतात. एखादा लहान मासा तोंडासमोर आला की पापणी लवण्याच्या आत तो गिळला जातो आणि स्टोनफिश पुन्हा दगड होऊन बसतो. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, ही शिकार करताना त्याला विषाची यत्किंचितही गरज पडत नाही. विष असते ते पाठीवरच्या तेरा जाड काट्यांत, प्रत्येक काट्याच्या दोन बाजूंना एकेक अशा टपोऱ्या ग्रंथींत. आणि ते केवळ वरून येणाऱ्या संकटासाठी राखून ठेवलेले असते. पाऊल पडले की काट्यावरचे वेष्टन मागे सरकते, ग्रंथी दाबली जाते, आणि कौलांवरचे पाणी पन्हळीतून वाहावे तसे विष काट्याच्या खाचेतून जखमेत उतरते. रबरी चपलेचा तळ हा काटा सहज भेदतो.

त्या वेदनेचे वर्णन करताना अनुभवी डॉक्टरही हात टेकतात. रोगी वेदनेने भान हरपतो, पाय मांडीपर्यंत सुजतो, रक्तदाब घसरू शकतो, हृदयाची गती बिघडू शकते. तथापि योग्य इलाज मिळाल्यास मृत्यू फार विरळा. या विषातील मुख्य घटक दोन प्रथिनांच्या जोडीने बनलेला असून तो पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडतो. २०१५ साली त्याची घडण ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उलगडली तेव्हा असे दिसून आले की, आपल्या स्वतःच्या शरीरातील रोगप्रतिकारक पेशी रोगग्रस्त पेशींना मारण्यासाठी जे छिद्रे पाडणारे प्रथिन वापरतात, त्याच्याशी या विषाचे दूरचे नाते आहे.

लायनफिश हा त्याच कुळातला, पण स्वभावाने अगदी वेगळा. स्टोनफिश स्वतःला लपवितो, तर हा स्वतःला मिरवितो. तांबूस-पांढरे आडवे पट्टे, पिसाऱ्यासारखे फैलावलेले छातीचे पर, आणि कोणाला न भिता मंदगतीने पोहण्याची ऐट यांमुळे काचघरांतून त्याला मोठी मागणी असते. त्याच्या पाठीवर तेरा, पोटाच्या परांत दोन आणि गुदद्वारामागच्या परात तीन असे अठरा विषारी काटे असतात. सर्वांत दिखाऊ असे छातीचे पर मात्र विषहीन. आपल्या किनाऱ्यांवर आढळणाऱ्या त्याच्या एका जातीला रसेल यांचे नाव दिलेले आहे, आणि हे रसेल म्हणजे घोणस सापाच्या शास्त्रीय नावात ज्यांचे नाव अमर झाले तेच पॅट्रिक रसेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत विशाखापट्टणम येथे राहिलेल्या या स्कॉटिश वैद्याने आधी कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि मग १८०३ साली तेथील दोनशे माशांची सचित्र वर्णने दोन खंडांत प्रसिद्ध केली. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याचा काळ ठरणारा साप आणि समुद्रातला हा देखणा मासा एकाच माणसाच्या टेबलावरून शास्त्राच्या दप्तरात दाखल झाले, ही घटना मला विलक्षण वाटते. याच लायनफिशच्या भाऊबंदांना अमेरिकेत हौसेने नेण्यात आले. १९८५ साली फ्लॉरिडाच्या समुद्रात त्यांची पहिली नोंद झाली, आणि तेथे त्यांना ओळखणारा शत्रू नसल्यामुळे पुढील काही दशकांत सबंध कॅरिबियन समुद्र त्यांनी व्यापून टाकला. तेथील सरकारांना आता लोकांनी हा मासा पकडून खावा म्हणून मोहिमा चालवाव्या लागतात.

पाकटाची हकीकत थोडक्यात सांगतो. हा सपाट मासा वाळूत अंग पुरून पडतो, आणि त्याच्या शेपटीवरचा करवतीसारखा काटा पायाच्या घोट्याला लागतो. ऑस्ट्रेलियाचे विख्यात प्राणिप्रेमी स्टीव्ह अर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी पाकटाच्या काट्याने मरण पावले ते प्रामुख्याने काटा छातीत शिरून हृदयाला इजा झाल्यामुळे. उथळ पाण्यातून चालताना पाऊल उचलून न टाकता तळाशी घसटत न्यावे, म्हणजे पाकट आधीच सावध होऊन निघून जाते.

आपल्या प्राचीन वैद्यकाला या विषयाची जाणीव होती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात प्राण्यांच्या विषाची सोळा अधिष्ठाने सांगितली आहेत. त्यांत दाढ, नखे, लाळ यांच्याबरोबर अस्थी आणि पित्त यांचीही गणना असून, या दोन्ही ठिकाणी उदाहरणांत माशांचा उल्लेख येतो. काट्यातले विष निराळे आणि शरीराच्या आत असलेले विष निराळे, हा भेद त्यात सूचित झालेला आहे, आणि आधुनिक शास्त्राच्या दृष्टीनेही तो मूलगामी आहे. कोकणात केंड म्हणून ओळखला जाणारा, पोट फुगविणारा मासा टोचत नाही, डसत नाही. पण त्याचे यकृत व अंडाशय खाण्यात आले तर माणूस पक्षाघाताने श्वास कोंडून मरू शकतो, आणि ते विष कितीही शिजविले तरी नष्ट होत नाही. काट्यातले विष नेमके याच्या उलट: ते मोठ्या, नाजूक प्रथिनांचे बनलेले असते आणि उष्णता त्याला मुळीच सोसत नाही. म्हणूनच शिंगी, शिंगाळा, पाकट, एवढेच नव्हे तर लायनफिशही शिजवून निर्धोकपणे खाता येतात.

माशांमध्ये हे शस्त्र किती वेळा निर्माण झाले असावे? अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे लिओ स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली दाखवून दिले की, परस्परांशी निकटचा संबंध नसलेल्या मत्स्यकुळांत विष स्वतंत्रपणे अठरा वेळा उत्क्रांत झाले आहे, आणि विषधर माशांच्या जाती दोन हजार तीनशेहून अधिक आहेत. माणसाला अपाय करू शकणाऱ्या सापांच्या जाती याहून पुष्कळच कमी भरतात. इतक्या वेळा एकच युक्ती सुचावी याचे कारण तिच्या साधेपणात आहे. माशाच्या परांत काटे मूळचेच असतात, त्वचेत चिकट द्रव स्रवणाऱ्या पेशीही मूळच्याच असतात. त्या पेशींच्या द्रवात थोडा दाहक गुण आला आणि त्या काट्याभोवती गोळा झाल्या की शस्त्र तयार झाले. सापाचे विष प्रामुख्याने भक्ष्य मारण्यासाठी आहे, म्हणून ते कधी कधी निमूटपणे, फारशी वेदना न देता काम करते. मण्यार चावलेल्या माणसाला झोपेत दंश कळतही नाही. माशाचे विष हे मुख्यतः आत्मरक्षणाचे साधन आहे, आणि आत्मरक्षणासाठी शत्रूला मारण्यापेक्षा त्याला ताबडतोब, जन्मभर लक्षात राहील असे दुखविणे अधिक उपयोगाचे. जवळजवळ सर्व विषधर माशांच्या दंशात वेदना हेच पहिले आणि ठळक लक्षण का असते, याचा उलगडा येथे होतो. कोणताही विषधर मासा माणसाच्या अंगावर चाल करून येत नाही. ज्याला काटा लागला त्याचे पाऊल किंवा हात माशाच्या हद्दीत गेलेला असतो.

आता इलाजाविषयी, आणि हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण त्याचा उपयोग समुद्रकाठच्या माणसाला जितका तितकाच अडाणेच्या काठच्या माणसालाही आहे. काटा लागलेला हात किंवा पाय सोसेल इतक्या गरम, सुमारे पंचेचाळीस अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात बुडवून ठेवावा, पाणी निवू लागले की त्यात गरम पाण्याची भर घालावी, आणि असे अर्धा तास ते दीड तास करावे. बहुतेकांना यानेच पुष्कळ आराम पडतो. मात्र वेदनेने बधिर झालेल्या अवयवाला चटका कळत नाही, आणि पोळून दुसरी जखम होण्याची भीती असते. म्हणून पाणी आधी रोग्याच्या धडधाकट हाताने किंवा जवळच्या माणसाने तपासून पाहावे. दोरी आवळून बांधणे, जखम चिरणे, तोंडाने रक्त ओढणे हे प्रकार सर्वथा वर्ज्य. आपल्याकडील दवाखान्यांत मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी घोड्याच्या रक्तातून तयार केलेली असते. माशाच्या विषावर तिचा काडीचाही उपयोग नाही, उलट तिची प्रतिक्रिया येण्याचा धोका मात्र पत्करावा लागतो. म्हणून काय टोचले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे अत्यंत महत्त्वाचे. माशाच्या विषावरची म्हणून जी एक प्रतिविषाची लस जगात तयार होते ती स्टोनफिशची, आणि ती ऑस्ट्रेलियात १९५९ पासून उपलब्ध आहे. तीही घोड्यांकडूनच मिळते.

वेदना शमली म्हणजे प्रकरण संपले असे समजू नये. दातेरी काट्याचे तुकडे मांसात राहतात, त्यांवरचे वेष्टन आत कुजते, आणि चार-आठ दिवसांनी बोट पुन्हा सुजून पू होतो. समुद्राच्या पाण्यातले आणि डोहाच्या पाण्यातले जंतू निरनिराळे असले तरी खोल, अरुंद जखमेत दोन्ही सारखेच माजतात, आणि मधुमेही माणसाच्या बाबतीत तर अंगठा किंवा बोट गमावण्याची पाळी येऊ शकते. जखम स्वच्छ धुणे, आवश्यक वाटल्यास क्ष-किरणांनी तपासून तुकडा काढून घेणे आणि धनुर्वाताची लस टोचून घेणे या तीन गोष्टींत हयगय करू नये. छातीत धडधड, घेरी, श्वास लागणे यांपैकी काही दिसले तर गरम पाण्याच्या घमेल्यापाशी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आणि एक बाब स्वयंपाकघरातली. मासा मेला म्हणजे काट्यातले विष मरत नाही. बर्फात घातलेल्या माशाच्या काट्यांतही ते टिकून राहते, कारण त्याचा शत्रू उष्णता आहे, थंडी नव्हे. कोकणात शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाची शेपूट पुष्कळदा मचव्यावरच तोडून टाकतात, पण प्रत्येक पाटीतला प्रत्येक मासा असा तपासला गेलेला असतोच असे नाही. म्हणून बाजारातून आणलेला, मिशा असलेला कोणताही मासा, मग तो गोड्या पाण्यातला असो वा खाऱ्या, साफ करावयास घेताना आधी विळीवर किंवा सुरीने त्याचे छातीचे दोन काटे आणि पाठीवरचा असल्यास तोही मुळापासून छाटावा, ते काटे कागदात गुंडाळून मुलांच्या व मांजरांच्या वाटेत येणार नाहीत असे टाकावे, आणि मगच त्याच्या पोटाला हात घालावा.